अळीचं अख्खं आयुष्य रंगवणारी मारिया

शाळेच्या भिंतीवर फुलपाखराचा तक्ता लावलेला असतो. अंडं, अळी, कोश आणि फुलपाखरू. बाईंचं शिकवून झालं की वर्गातला एखादा तरी हात वर होतो आणि प्रश्न येतो, "पण मग अळी गेली कुठे?"

प्रश्न अगदी योग्य आहे. पानं कुरतडणारी, सरपटणारी अळी आणि मध पिणारं, उडणारं फुलपाखरू हे एकच आहेत, हे नुसतं सांगून पटत नाही. ते स्वतः बघावं लागतं. बघायला धीर लागतो आणि बघितलेलं दुसऱ्याला दाखवायला चित्र लागतं. साडेतीनशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका चित्रकार मुलीनं हे काम हाती घेतलं आणि जन्मभर सोडलं नाही. तिचं नाव मारिया सिबिला मेरियान. तुमच्या शाळेतला तो तक्ता ज्या पद्धतीनं काढतात, त्या पद्धतीची सुरुवात करणाऱ्यांमध्ये तिचं नाव फार वरचं आहे.

१. किडे येतात तरी कुठून?

मारिया जन्मली तेव्हा लोकांना किड्यांबद्दल काय वाटायचं, ते आधी समजून घेऊ.

घाण पडली की किडे आपोआप तयार होतात, असं तेव्हा युरोपातले पुष्कळ लोक मानत. चिखलातून किडे होतात, कुजलेल्या मांसातून माश्या होतात, पानावरच्या दवातून अळ्या होतात, अशी समजूत होती. ती दोन हजार वर्षं जुनी होती आणि मोठमोठ्या विद्वानांच्या पुस्तकांत लिहिलेली होती.

आता तुम्ही म्हणाल, एवढी शहाणी माणसं असं कसं मानत होती? कारण सोपं आहे. माशीचं अंडं जेमतेम एक मिलिमीटर लांब असतं. माशी येऊन अंडी घालून जाते, ते कुणाच्या लक्षात येत नाही. दोन दिवसांनी मांसावर वळवळणाऱ्या अळ्या मात्र सगळ्यांना दिसतात. मधलं काही दिसलंच नाही, तर अळ्या मांसातूनच आल्या असं वाटणार!

१६६८ साली इटलीत फ्रान्सेस्को रेडी नावाच्या डॉक्टरनं यावर एक साधा प्रयोग केला. त्यानं काही बरण्यांत मांस ठेवलं. काही बरण्या उघड्या ठेवल्या आणि काहींच्या तोंडावर विरळ कापड बांधलं. उघड्या बरण्यांमध्ये अळ्या झाल्या. कापड बांधलेल्यांमध्ये माश्यांना शिरता आलं नाही, म्हणून त्या मांसावर अळ्या झाल्या नाहीत. म्हणजे अळ्या मांसातून होत नव्हत्या, माशीच्या अंड्यातून होत होत्या.

रेडीनं हा प्रयोग प्रसिद्ध केला, त्याच्या आठ वर्षं आधीच एक मुलगी घरातल्या डब्यात किडे पाळून त्यांच्याकडे टक लावून बसली होती.

२. रंगांच्या घरातली मुलगी

मारियाचा जन्म २ एप्रिल १६४७ रोजी फ्रँकफुर्ट शहरात झाला. आपल्याकडे तेव्हा शिवाजी महाराज तरुण होते आणि स्वराज्याची उभारणी नुकतीच सुरू झाली होती.

मारियाचे वडील मात्थेउस मेरियान शहरांची चित्रं आणि नकाशे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायचे. त्यांच्या छापखान्याची पुस्तकं युरोपभर जात. मारिया तीन वर्षांची असताना ते वारले. पुढच्या वर्षी आईनं याकोब मारेल या चित्रकाराशी लग्न केलं. मारेल फुलांची चित्रं काढण्यात तरबेज होते. त्यांच्याकडे शिकायला मुलगे यायचे. छोटी मारियाही शिकायला लागली. रेघ कशी ओढायची, रंग कसे घोटायचे, पाकळीवर उजेड कुठे दाखवायचा आणि सावली कुठे, हे सगळं तिला सावत्र वडिलांनी शिकवलं.

त्या काळी फुलांच्या चित्रात एखादं फुलपाखरू, एखादा भुंगा, एखादी अळी काढायची पद्धत होती. ती फक्त शोभेसाठी. कुठल्या फुलावर कुठला किडा बसतो, याच्याशी चित्रकाराला कर्तव्य नसे. रिकामी जागा दिसली की तिथं एक फुलपाखरू.

मुलींना तेव्हा विद्यापीठात जाता येत नसे. चित्रकलेतही अडचण होतीच. जर्मनीतल्या पुष्कळ शहरांत चित्रकारांचे संघ होते आणि तैलरंगांतली मोठी चित्रं काढून विकायचा हक्क संघातल्या पुरुषांकडे असे. बायकांच्या वाट्याला पाण्यात कालवायचे रंग आणि लहान चित्रं यायची. मारियानं तेच रंग घेतले. वासराच्या कातड्यापासून केलेल्या गुळगुळीत चर्मपत्रावर ती अतिशय बारीक कुंचल्यानं काम करू लागली. अळीच्या अंगावरचा एकेक केस दाखवायला हे रंग आणि हे चर्मपत्र फारच उपयोगी पडलं.

३. तेरा वर्षांची मारिया आणि रेशमाचे किडे

मारिया तेरा वर्षांची असताना तिनं रेशमाचे किडे पाळले. या किड्याचं आयुष्य आपण तिच्याबरोबर पायरीपायरीनं बघू.

पहिली पायरी अंड्याची. अंडं खसखशीच्या दाण्याएवढं असतं. त्यातून बारीकशी काळपट अळी बाहेर येते.

दुसरी पायरी अळीची. अळीचं काम एकच, खाणं. ही अळी तुतीची पानं खाते. खाऊन खाऊन ती एवढी वाढते की तिची कातडी तिला अपुरी पडते. मग ती जुनी कातडी टाकून देते. आत नवी, सैल कातडी तयारच असते. असं ती चार वेळा करते. याला कात टाकणं म्हणतात.

तिसरी पायरी कोशाची. भरपूर खाऊन झालं की अळी खाणं थांबवते. तोंडातून धागा काढून ती स्वतःभोवती गुंडाळत जाते. हा धागा अखंड असतो आणि शेकडो मीटर लांब भरतो. यापासूनच पैठणीचं रेशीम होतं. त्या रेशमी घरट्याच्या आत अळी शेवटची कात टाकते आणि तपकिरी, टणक, हालचाल न करणारी होते. मारिया तिला 'खजुराची बी' म्हणायची.

चौथी पायरी पंखांची. दोन-तीन आठवड्यांनी कोशातून पांढरट पतंग बाहेर येतो. मादी पतंग शेकडो अंडी घालते आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

या सगळ्या बदलाला 'रूपांतर' म्हणतात. आणि आता वर्गातल्या त्या प्रश्नाचं उत्तर. अळी कुठेही जात नाही. कोशाच्या आत अळीच्या शरीराचा बराचसा भाग विरघळतो. पण अळीच्या अंगात पहिल्यापासूनच पेशींचे काही छोटे पुंजके राखून ठेवलेले असतात. काही पुंजक्यांपासून पंख होतात, काहींपासून लांब पाय, काहींपासून मिशा. विरघळलेला भाग त्यांना वाढायला उपयोगी पडतो. हे आतलं काम मारियाला दिसणं शक्य नव्हतं. तिच्याजवळ फार तर एक भिंग होतं. पण अळी कधी कोशात गेली आणि पतंग कधी बाहेर आला, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि टिपून ठेवलं.

रेशमाच्या किड्यांवर तिचं समाधान झालं नाही. बाकीच्या अळ्यांचं काय होतं? मग ती बागेतून, शेतातून, कुंपणावरून मिळेल ती अळी घरी आणू लागली.

४. एका चित्रात अख्खं आयुष्य

मारियाचं अठराव्या वर्षी लग्न झालं. नवरा योहान आंद्रेआस ग्राफ हाही चित्रकारच होता. त्यांना दोन मुली झाल्या, योहाना हेलेना आणि डोरोथेया मारिया. न्युरेंबर्ग शहरात राहताना मारिया घर सांभाळायची, मुलींना चित्रकला आणि भरतकाम शिकवायची, रंग विकायची आणि या सगळ्यातून वेळ काढून अळ्या पाळायची. रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला. त्याच्या दुसऱ्याच वर्षी तिचं फुलांच्या चित्रांचं पहिलं पुस्तक निघालं.

अळ्या पाळताना तिच्या एक महत्त्वाची गोष्ट लक्षात आली. कुठलीही अळी कुठलंही पान खात नाही. एखादीला एकाच जातीच्या झाडाचं पान लागतं. ते मिळालं नाही तर ती उपाशी मरते, पण दुसऱ्या पानाला तोंड लावत नाही. अळी जे झाड खाते, त्याला तिचं 'खाद्यझाड' म्हणू. फुलपाखराची मादी नेमक्या याच झाडावर अंडी घालते, म्हणजे पिल्लांना जन्मल्याबरोबर जेवण मिळतं.

इथून मारियाला आपली पद्धत सापडली. चित्राच्या मधोमध खाद्यझाडाची फांदी काढायची. तिच्या पानावर अंडी. दुसऱ्या पानावर अळी आणि तिनं कुरतडलेल्या कडा. देठाशी कोश. वर उडणारं फुलपाखरू. म्हणजे जे घडायला कित्येक आठवडे लागतात, ते एका नजरेत दिसतं. आणि हा किडा कुठे राहतो, काय खातो, हेही त्याच चित्रात कळतं.

अशी ५० चित्रं असलेलं तिचं सुरवंटांचं पुस्तक १६७९ साली निघालं. पहिलं चित्र अर्थातच तुतीवरच्या रेशमाच्या किड्याचं होतं. १६८३ साली दुसरा भाग आला, त्यातही ५० चित्रं होती. किड्यांच्या रूपांतराचा अभ्यास करणारे आणखी काही लोक तेव्हा युरोपात होते. पण झाड आणि किडा यांचं नातं इतक्या चित्रांतून, इतक्या नेमकेपणानं मारियानंच दाखवलं.

ती एक वही ठेवायची. चर्मपत्राच्या छोट्या तुकड्यांवर अळी, कोश आणि फुलपाखरू रंगवायचे, आणि कुठे सापडली, काय खाल्लं, कोशात कधी गेली, बाहेर कधी आली, ते लिहायचं. ही वही आजही रशियात सेंट पीटर्सबर्ग इथं जपून ठेवलेली आहे.

कधीकधी कोशातून फुलपाखराऐवजी भलतंच काही निघे, बारीक माश्या नाहीतर गांधीलमाशीच्या जातीचे किडे. मारिया चकित व्हायची, पण तेही रंगवून ठेवायची. आज आपल्याला कारण माहीत आहे. हे किडे जिवंत अळीच्या अंगावर किंवा अंगात अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं अळीला आतून खाऊन मोठी होतात. कारण कळलं नाही म्हणून तिनं ते चित्र टाळलं नाही. म्हणून पुढच्या अभ्यासकांना ती नोंद उपयोगी पडली.

५. चित्र छापायचं कसं?

तेव्हा कॅमेरा नव्हता, रंगीत छपाईचं यंत्र नव्हतं. मग एका चित्राच्या शेकडो प्रती कशा निघत?

त्यासाठी तांब्याचा गुळगुळीत पत्रा घेत. टोकदार हत्यारानं त्यावर चित्राच्या रेघा कोरत. मग पत्र्याला शाई फासून वरची शाई पुसून टाकत. खोबणीत शिरलेली शाई तेवढी उरे. त्यावर ओलसर कागद ठेवून जड रुळाखालून दाबला की खोबणीतली शाई कागदावर उतरे. शेवटी एकेका प्रतीत हातानं रंग भरायचे.

यात एक गंमत आहे. रबरी शिक्क्यावरची अक्षरं उलटी असतात आणि कागदावर सुलटी उमटतात, ते तुम्ही पाहिलं असेल. तांब्याच्या पत्र्याचंही तसंच होतं. पत्र्यावर उजवीकडे असलेली अळी कागदावर डावीकडे येते. मारिया काही वेळा अशी ताजी छापलेली प्रत दुसऱ्या कोऱ्या कागदावर दाबायची. त्यामुळे चित्र पुन्हा सुलटं व्हायचं आणि रेघाही फिकट उमटायच्या. फिकट रेघांवर तिनं रंग भरला की ते छापील चित्र न वाटता हातानं काढलेलंच वाटायचं.

६. काचेच्या पेट्यांतली मेलेली फुलपाखरं

पुढे मारिया नवऱ्यापासून वेगळी झाली. आई आणि दोन मुलींना घेऊन काही वर्षं ती हॉलंडच्या उत्तरेला एका धार्मिक पंथाच्या वसाहतीत राहिली आणि १६९१ साली ॲमस्टरडॅमला आली. चित्रं काढून, रंग विकून तिनं घर चालवलं. दोन्ही मुली तिच्या हाताखाली तयार होऊन उत्तम चित्रकार झाल्या.

ॲमस्टरडॅम हे तेव्हा मोठं बंदर होतं. जगभरातून जहाजं यायची आणि त्यांतून शंख, पक्षी, किडे यायचे. श्रीमंत लोक ते काचेच्या पेट्यांत मांडून ठेवत. मारियाला अशा पेट्या बघायला मिळाल्या. तिथं तळहातापेक्षा मोठी, निळ्या रंगानं चमकणारी फुलपाखरं टाचणीला टोचून ठेवलेली होती.

ती सुंदर होती, पण मेलेली होती. त्यांची अळी कशी होती? कुठलं झाड खायची? कोश कसा होता? पेटीच्या मालकाला यातलं काही माहीत नव्हतं. ते कळायला फुलपाखरू जिथं जन्मतं, तिथंच जायला हवं होतं.

मारियानं जायचं ठरवलं. आपली बरीच चित्रं विकून तिनं पैसे उभे केले. प्रवास धोक्याचा होता, म्हणून आधी मृत्युपत्र करून ठेवलं. १६९९ साली, वयाच्या ५२व्या वर्षी, २१ वर्षांच्या धाकट्या लेकीला घेऊन ती जहाजात बसली. अटलांटिक महासागर ओलांडून जायला साधारण दोन महिने लागले. फक्त किडे बघण्यासाठी, कुठल्याही राजानं किंवा कंपनीनं न पाठवता, एका बाईनं एवढ्या दूर जायचं, हे त्या काळी कुणी ऐकलंही नव्हतं.

७. सुरिनामच्या जंगलात

सुरिनाम हा देश दक्षिण अमेरिकेत आहे. तेव्हा तिथं डच लोकांची सत्ता होती. मायलेकी पारामारिबो या गावात राहिल्या आणि तिथून आसपासच्या मळ्यांत आणि जंगलांत जाऊ लागल्या.

हवा दमट आणि कमालीची उष्ण होती. जंगल इतकं दाट होतं की कुऱ्हाडीनं वाट काढावी लागे. दोघी अळ्या गोळा करून आणायच्या, डब्यांत ठेवून पानं घालायच्या, आणि कोश उलगडायची वाट बघायच्या. रंग उडून जायच्या आत चित्र काढावं लागे.

तिनं काय काय रंगवलं, ते ऐकलंत तर तुम्हाला ओळखीचं वाटेल. अननस, पेरू, पपई, काजू! ही सगळी झाडं मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज लोकांनी ती जहाजांतून आपल्याकडे आणली. काजू गोव्याच्या किनाऱ्यावर रुजला आणि कोकणात पसरला. अंगणात शोभेसाठी लावतात तो लाल-पिवळ्या फुलांचा शंकासूरही मारियाच्या चित्रात आहे. त्याच्या फांदीवर तिनं एक हिरवी अळी आणि तिचा पतंग दाखवला आहे.

तिच्या सुरिनामच्या पुस्तकातलं पहिलंच चित्र आपण नीट बघू. मध्ये फुलावर आलेला अननस आहे, लालसर तुरे आणि करवतीसारख्या कडांची लांब पानं. अननसाला तेव्हा युरोपात फळांचा राजा समजत. आणि या राजाच्या पानांवर मारियानं चक्क झुरळं काढली आहेत! सुरिनाममध्ये झुरळांचा फार उपद्रव होता. ती कपडे खात, अन्न नासवत, आणि अननसासारख्या गोड फळाकडे धाव घेत. म्हणून तिनं ती काढली. झुरळाला कोशाची पायरी नसते. अंड्यातून छोटं बिनपंखांचं झुरळ निघतं आणि कात टाकत टाकत मोठं होतं. याला 'अपूर्ण रूपांतर' म्हणतात. फुलपाखरू आणि झुरळ वाढण्याच्या या दोन निरनिराळ्या पद्धती आहेत.

एक दुःखाची गोष्टही तुम्हाला कळायला हवी. सुरिनाममधले मळेवाले श्रीमंत होत होते ते उसावर, आणि उसाच्या मळ्यांत राबत होती आफ्रिकेतून जबरदस्तीनं पकडून आणलेली गुलाम माणसं. त्यांचे फार हाल होत. मारियासाठी जंगलात वाट तोडणारी, तिला अळ्या आणून देणारी माणसंही गुलामच होती. कुठल्या झाडाचा कशासाठी उपयोग होतो, हे तिला गुलाम बायकांनी आणि तिथल्या मूळ रहिवाशांनी सांगितलं. हे ज्ञान कुणाकडून मिळालं आणि त्या बायकांना कसं वागवलं जातं, हे तिनं पुस्तकात लिहिलं. पण त्यांची नावं लिहिली नाहीत. मारियाचं पुस्तक वाचताना त्या बिननावाच्या माणसांचीही आठवण ठेवली पाहिजे.

मळेवाले मारियाला हसायचे. साखर सोडून ही किडे काय शोधते, असं त्यांना वाटे. त्यांना उसाखेरीज कशातच रस नाही, याचं तिला वाईट वाटे. या जमिनीत आणखी कितीतरी फळं पिकवता येतील, असं तिनं लिहून ठेवलं आहे.

तिला तिथं जास्त दिवस राहायचं होतं. पण तापानं ती खंगली आणि दोन वर्षांनी, १७०१ साली, परतली. बरोबर चित्रं होती, नोंदी होत्या, आणि दारूत बुडवून किंवा वाळवून आणलेले प्राणी होते.

८. पक्षी खाणारा कोळी

मारियाच्या सगळ्यांत गाजलेल्या चित्रात पेरूची फांदी आहे. फांदीवर मुंग्यांची रांग आहे, पानांच्या चाळण्या झाल्या आहेत. खाली एक मोठा, केसाळ कोळी आहे. त्यानं एका हमिंगबर्डला घरट्यातून ओढून पाठीवर पाडलं आहे. हमिंगबर्ड हा अगदी चिमुकला पक्षी, आपल्या शिंजीरपेक्षाही लहान.

हे चित्र बघून लोक म्हणाले, कोळी कधी पक्षी खातो का? मारियाच्या मृत्यूनंतर शंभरेक वर्षांनीही काही अभ्यासक तिला खोटं ठरवत होते. या बाईनं ऐकीव गोष्टी चितारल्या, असं ते म्हणत. मग १८६३ साली हेन्री बेट्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाचं पुस्तक आलं. त्यानं ॲमेझॉनच्या जंगलात वर्षानुवर्षं काढली होती आणि मोठ्या कोळ्यानं पक्षी पकडलेला स्वतः पाहिला होता. मारिया खरी ठरली.

तिचं सगळंच बरोबर होतं असं मात्र नाही. लांब, पोकळ डोक्याच्या एका किड्याबद्दल तिनं लिहिलं की तो रात्री दिव्यासारखा उजेड पाडतो. तो किडा खरा आहे, पण त्याला उजेड पाडता येत नाही, हे नंतर तपासून पाहणाऱ्यांना कळलं. विज्ञान असंच पुढे जातं. एकानं पाहिलेलं दुसऱ्यानं तपासायचं. बरोबर असेल ते ठेवायचं, चुकलं असेल ते दुरुस्त करायचं.

९. मोठं पुस्तक आणि मोठं नाव

१७०५ साली मारियानं सुरिनामच्या किड्यांवरचं पुस्तक स्वतःच्या हिमतीवर प्रसिद्ध केलं. त्यात ६० मोठी चित्रं होती. मजकूर डच आणि लॅटिन अशा दोन भाषांत होता. लॅटिन ही तेव्हा विद्वानांची भाषा होती, म्हणून युरोपभरच्या अभ्यासकांनी ते वाचलं. प्राण्यांना आणि झाडांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत ज्यानं रुजवली, त्या लिनियसनंही तिच्या चित्रांचा आधार घेतला.

१३ जानेवारी १७१७ रोजी ॲमस्टरडॅममध्ये मारियाचं निधन झालं. त्याच सुमारास रशियाचा सम्राट पीटर याच्यासाठी तिची कितीतरी चित्रं विकत घेतली गेली. धाकट्या लेकीनं, डोरोथेयानं, आईच्या सुरवंटांच्या पुस्तकाचा तिसरा भाग प्रसिद्ध केला आणि पुढे ती रशियात चित्रकार म्हणून काम करू लागली.

मधल्या काळात लोक मारियाला बरेचसे विसरले. चित्रकार म्हणाले ती किडेवाली, आणि शास्त्रज्ञ म्हणाले ती चित्रवाली. विसाव्या शतकात तिचं काम पुन्हा नीट बघितलं गेलं. युरो येण्याआधी जर्मनीत ५०० मार्कची नोट होती. तिच्यावर मारियाचा चेहरा छापला होता. जर्मनीच्या एका समुद्रसंशोधन जहाजाला तिचं नाव आहे. दक्षिण अमेरिकेतल्या एका मोठ्या सरड्याच्या शास्त्रीय नावात ती आहे, आणि २०१८ साली पनामामधल्या एका काळ्या दुर्मीळ फुलपाखराला तिच्या नावावरून नाव दिलं गेलं.

१०. आता तुमची पाळी

मारियाचं काम तुम्हालाही करून बघता येईल. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या झाडाची पानं नीट बघा. कोवळ्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं, तर थांबा. ती बहुधा अळी असते! शत्रूंनी खाऊ नये म्हणून लहानपणी ती अशी दिसते. मोठी झाली की हिरवीगार होते आणि छेडलं तर डोक्यामागून लाल, दुहेरी शिंग बाहेर काढून वास सोडते. लिंबाच्या जातीच्या झाडांवरच आपल्या महाराष्ट्राच्या राज्य फुलपाखराची, राणी पाकोळीचीही अळी वाढते.

ती अळी पानासकट एका मोठ्या बरणीत ठेवा. तोंडावर विरळ कापड बांधा. बरणी उन्हात ठेवू नका. रोज त्याच झाडाचं ताजं पान घाला आणि घाण काढून टाका. एक काडी तिरकी उभी ठेवा, कोश करायला ती लागते. केसाळ सुरवंटाला मात्र हात लावू नका, खाज सुटते.

मग वही उघडा. पहिल्या दिवशी अळी पट्टीनं मोजा, चित्र काढा, तारीख घाला. समजा पहिल्या दिवशी ती १ सेंटीमीटर आहे आणि आठव्या दिवशी ३ सेंटीमीटर. म्हणजे आठवड्यात ती तिप्पट लांब झाली. तुम्ही आठवड्यात तिप्पट उंच झालात तर काय होईल, याचा विचार करा! कात कधी टाकली, खाणं कधी थांबवलं, कोश कुठल्या दिवशी झाला, सगळं लिहा. फुलपाखरू बाहेर आलं की त्याचे पंख चुरगळलेले आणि ओले असतात. त्याला हात लावू नका. पंख पसरून वाळायला वेळ द्या आणि मग त्याला बागेत सोडून द्या.

कोशातून फुलपाखराऐवजी माश्या निघाल्या तर निराश होऊ नका, तेही लिहा. अळी मेली तर तेही लिहा. जे दिसलं नाही ते मात्र काढू नका, पुस्तकातल्या चित्रात असलं तरी काढू नका. चित्र देखणं झालं नाही तरी हरकत नाही, ते खरं झालं पाहिजे. मारियानं पन्नासहून अधिक वर्षं हेच केलं, आणि तुम्हाला तर त्यासाठी समुद्र ओलांडायचीही गरज नाही.